बायोप्सी म्हणजे ‘जिवंतपणीचे शवविच्छेदन’ नव्हे

बायोप्सी म्हणजे तपासणीसाठी शरीरातील ऊतीचा (पेशीसमूहाचा) छोटा नमुना काढणे. तिच्याविषयीचा एक मजकूर मोबाइलवरून सतत फिरत असतो. पाठवणाऱ्यागणिक त्याचे शब्द बदलतात, आशय मात्र साधारण असा असतो: ‘बायोप्सी आणि शवविच्छेदन हे एकच काम आहे, एकात जिवंत माणूस कापतात, दुसऱ्यात मेलेला. गाठीला सुई टोचली की कॅन्सर चवताळतो आणि अंगभर पसरतो. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर आहे हे त्यांना आधीच कळलेले असते. हल्ली स्कॅन आणि रक्ततपासणीतून सगळे समजते, मग तुकडा काढायचा कशाला? आणि माणूस गेल्यावर शवविच्छेदन करून तरी काय मिळणार? देहाची विटंबना तेवढी होते. अहवालाला इतके दिवस लागतात, यावरूनच काय ते ओळखा.’

असा मजकूर वाचून बायोप्सी पुढे ढकलणारे रुग्ण असतात, आणि त्या विलंबात गाठ थांबून राहत नाही. म्हणून यातील विधाने एकेक करून तपासली पाहिजेत. ती सगळी सारख्या दर्जाची नाहीत. काही निव्वळ अज्ञानातून आलेली आहेत. सुईविषयीच्या भीतीत मात्र थोडे तथ्य आहे, आणि ते नेमके किती हे सांगितल्याशिवाय त्या भीतीचे खंडन करणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

‘दोन्ही एकच काम आहे’

या विधानाला आधार मिळतो तो एका वरवरच्या साम्यातून. दोन्हींत शरीरातील ऊतींचा नमुना फॉर्मेलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रवात ठेवला जातो, मेणात बसवला जातो, त्याचे 3 ते 5 मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीचे काप काढून ते रंगवले जातात आणि शेवटी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे ऊतींवरून रोग ओळखणारा तज्ज्ञ, ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. साम्य एवढेच. बायोप्सीत नमुना घेणारी व्यक्ती बहुतेक वेळा पॅथॉलॉजिस्ट नसतेच. शल्यचिकित्सक, सोनोग्राफीच्या आधाराने सुई घालणारा रेडिओलॉजिस्ट, दुर्बिणीतून जठराचा किंवा आतड्याचा कण घेणारा तज्ज्ञ, त्वचेचा तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा काढणारा त्वचारोगतज्ज्ञ, यांपैकी कोणीतरी तो घेतो. शवविच्छेदनात मृतदेहाची बाह्य तपासणी, छाती, पोट आणि आवश्यक तेव्हा कवटी उघडून सर्व अवयवांचे निरीक्षण, त्यांची वजने, रक्तवाहिन्यांच्या आतील पाहणी, आणि त्यानंतर निवडक ठिकाणचे नमुने, असा क्रम असतो. सूक्ष्मदर्शक तिथे शेवटी येतो. कित्येकदा मृत्यूचे कारण त्याआधीच नुसत्या डोळ्यांना दिसलेले असते, जसे फुप्फुसाच्या मुख्य धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी.

तरीही खरा फरक माणूस जिवंत आहे की मृत एवढ्यापुरता नाही, आणि हत्यारांत तर तो मुळीच नाही. मृतदेहातूनही सुईने नमुने घेतले जातात. ज्या भागांत पूर्ण शवविच्छेदन शक्य नसते किंवा कुटुंबाला ते मान्य नसते, तिथे बालमृत्यूंची कारणे शोधण्यासाठी फुप्फुस, यकृत, मेंदू आणि रक्त यांचे नमुने मृत्यूनंतर सुईनेच काढण्याची पद्धत अलीकडे रूढ होत आहे. सुई तीच, पण तिला विचारलेला प्रश्न वेगळा. बायोप्सीचा प्रश्न असतो की या रुग्णाबाबत पुढे काय करायचे. शवविच्छेदनाचा प्रश्न असतो की जे घडले ते का घडले, आणि आपण जे समजून चाललो होतो ते बरोबर होते का. पहिल्याच्या उत्तरावर शस्त्रक्रिया, औषध किंवा नुसते थांबून पाहणे यांतली निवड ठरते. दुसऱ्याच्या उत्तराचा मृत व्यक्तीला उपयोग नसतो. तो तिच्या रक्ताच्या नातेवाइकांना होऊ शकतो, न्यायालयाला होऊ शकतो आणि पुढच्या रुग्णांना तर होतोच.

प्रश्न वेगळा असल्यामुळे दोन्हींच्या मर्यादाही वेगळ्या पडतात. यकृताच्या सुईबायोप्सीत हाती येणारा धागा हा संपूर्ण यकृताच्या सुमारे 50,000व्या भागाइतका असतो. तेवढ्यावरून निष्कर्ष काढायचा असल्याने ‘नमुन्यात दोष आढळला नाही’ आणि ‘दोष नाही’ ही दोन वाक्ये पॅथॉलॉजिस्ट वेगळी ठेवतो, आणि दाट संशय असेल तर बायोप्सी पुन्हा करावी लागते. शवविच्छेदनात संपूर्ण अवयव समोर असतो, पण तो मृत असतो. मृत्यूनंतर पेशी स्वतःच्याच विकरांनी (एन्झाइमांनी) विरघळू लागतात. स्वादुपिंड आणि आतड्याचे अस्तर यांत हे फार लवकर होते. जिवंत ऊतीत जे बारकावे टिकून असतात त्यांतले काही शवविच्छेदनाच्या वेळेपर्यंत पुसले गेलेले असतात.

‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’

या मजकुरातील सर्वांत जास्त नुकसान करणारे विधान हेच आहे. यामागचा तर्क ऐकायला सरळ वाटतो: गाठ बंद आहे तोवर सुरक्षित, तिला भोक पाडले की आतले बाहेर येणार. पण कर्करोगाची गाठ ही तोंड बांधलेली पिशवी नसते. तिच्यात स्वतःच्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात आणि तिच्यातून पेशी सुटून रक्तात आणि लसीकेत (ऊतींमधून वाहणाऱ्या द्रवात) जाणे हे सुई येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू असू शकते. सुटलेल्या पेशींपैकी बहुतेक मरतात. दुसऱ्या अवयवात पोहोचून, तिथल्या भिंतीतून आत शिरून, प्रतिकारशक्तीला चुकवून आणि नवा रक्तपुरवठा मिळवून वाढणे फार थोड्या पेशींना जमते, आणि ते जमेल की नाही हे गाठीच्या जनुकीय स्वभावावर ठरते. बायोप्सीनंतर काही महिन्यांनी रोग पसरलेला आढळला तर नातेवाइकांना सुई आठवते. पण बायोप्सी ज्या गाठीमुळे करावी लागली ती गाठच आक्रमक होती, ही शक्यता आठवणीत राहत नाही.

आता तथ्याचा भाग. सुईच्या मार्गात कर्करोगाच्या पेशी पेरल्या जाणे ही वैद्यकाने मान्य केलेली आणि मोजलेली गोष्ट आहे. यकृताच्या प्राथमिक कर्करोगात ती तुलनेने अधिक आढळते. अनेक अभ्यास एकत्र करून 2008 मध्ये काढलेल्या सरासरीत हे प्रमाण सुमारे 2.7 टक्के आले होते. अशा वेळी पेरलेली गाठ सहसा सुईच्या मार्गातच, म्हणजे पोटाच्या भिंतीत किंवा त्वचेखाली उगवते आणि बहुधा ती काढता येते; ‘अंगभर पसरणे’ ते हे नव्हे. स्तनाच्या गाठींत सुईमुळे पेशी जागच्या हलल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते खरे, पण बायोप्सी आणि शस्त्रक्रिया यांत जितके जास्त दिवस गेलेले असतात तितक्या या हललेल्या पेशी कमी सापडतात. त्या रुजत नाहीत, मरून जातात, असाच याचा अर्थ लागतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगाबाबत 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या 2,000 हून अधिक रुग्णांची माहिती तपासली गेली. ज्यांची आधी दुर्बिणीतून सुईतपासणी झाली होती ते सरासरीने 22 महिने जगले, ज्यांची झाली नव्हती ते 15 महिने. या आकड्यांवरून सुईने आयुष्य वाढते असे म्हणता येणार नाही, कारण दोन्ही गटांतील रुग्ण इतर बाबतींत सारखे नसतात. मात्र सुईने आयुष्य घटते, हा दावा करणाऱ्याला हे आकडे ओलांडून पुढे जाता येत नाही.

या धोक्याची जाणीव डॉक्टरांना नसते असे मानणे ही तर या मजकुराची सर्वांत मोठी चूक आहे. जिथे सुई घालणे अयोग्य तिथे ती न घालण्याचे नियम वैद्यकात फार पूर्वीपासून आहेत. वृषणातील संशयास्पद गाठीला अंडकोशाच्या त्वचेतून सुई टोचत नाहीत. जांघेतून छेद घेऊन संपूर्ण वृषण काढतात आणि मगच तपासतात. लहान मुलांच्या डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगात बायोप्सी टाळली जाते आणि तपासणीतील चित्रावरूनच निदान केले जाते. अंडाशयापुरती मर्यादित वाटणारी गाठ शक्यतो न फोडता अखंड काढतात. सिरोसिस झालेल्या, म्हणजे व्रण पडून कडक झालेल्या यकृतात विशिष्ट आकाराची आणि सीटी किंवा एमआरआयमध्ये ठरावीक वर्तन दाखवणारी गाठ असेल तर बायोप्सीविनाच कर्करोगाचे निदान मान्य केले जाते. हाडाच्या किंवा मांसल भागाच्या सार्कोमा या कर्करोगात बायोप्सी करतात, पण सुई कोणत्या मार्गाने जाईल हे पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्याने आधी ठरवायचे असते, कारण तो मार्गही नंतर गाठीसोबत काढला जाऊ शकतो. चुकीच्या जागी घेतलेल्या बायोप्सीमुळे हात किंवा पाय वाचवणे अवघड झाल्याची उदाहरणे आहेत. म्हणूनच अशा गाठींची बायोप्सी त्या विषयाच्या केंद्रातच व्हावी असा आग्रह धरला जातो. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीत सुई घालण्यापूर्वी ती फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे रक्तदाब वाढवणारी संप्रेरके सोडणारी गाठ, नाही ना, हे तपासून घ्यावे लागते, कारण असेल तर रक्तदाब जीवघेणा चढू शकतो.

म्हणजे रुग्णाने विचारायचा प्रश्न ‘सुईने कॅन्सर पसरेल का’ हा नसून ‘माझ्या या गाठीसाठी नमुना घेण्याचा योग्य मार्ग कोणता आणि तो कोण ठरवणार आहे’ हा आहे. बायोप्सीचे खरे धोकेही बहुतेकदा वेगळेच असतात: यकृत किंवा मूत्रपिंडातून रक्तस्राव, फुप्फुसाच्या बायोप्सीत फुप्फुसाभोवती हवा साचणे, क्वचित जंतुसंसर्ग. संमतिपत्रावर हेच लिहिलेले असते आणि सही करण्यापूर्वी त्यावरच चर्चा व्हायला हवी.

‘बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर आहेच’

हे विधान थोडक्यात निकाली निघते. सेलिॲक आजारात (गव्हातील ग्लूटेन न सोसण्याच्या विकारात) लहान आतड्याच्या अस्तराची बायोप्सी होते, मूत्रातून प्रथिने जात असतील तर मूत्रपिंडाची, प्रत्यारोपण केलेला अवयव शरीर नाकारते आहे का हे पाहण्यासाठी त्या अवयवाची, आणि स्नायूंच्या दुबळेपणात स्नायूची. यांतील एकाचाही कर्करोगाशी संबंध असेलच असे नाही. स्तनातील गाठींच्या बायोप्सींतही मोठा भाग निरुपद्रवी निघतो. आणि निदान आधीच माहीत असते, तर ते शोधण्यासाठी कोणी तुकडा काढला नसता.

‘स्कॅन आणि रक्ततपासणीतून सगळे कळते’

स्कॅन सावली, आकार, घनता, रक्तपुरवठा किंवा साखर शोषण्याचा वेग दाखवतो. पेशी दाखवत नाही. साखर शोषण्याचा वेग दाखवणाऱ्या पेट स्कॅनमध्ये उजळून दिसणारी छातीतील लसीका ग्रंथी कर्करोगाची असू शकते, क्षयाची असू शकते किंवा सार्कॉइडोसिस या दाहाच्या आजाराची; तिन्हींत पेशी भरपूर साखर खेचतात, त्यामुळे तिन्ही सारख्याच झळकतात. या तिन्हींचे उपचार एकमेकांपासून इतके भिन्न आहेत की एकाच्या जागी दुसरा देणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. मॅमोग्राफीच्या अहवालात रेडिओलॉजिस्ट ज्याला वर्ग 4 म्हणतात त्या वर्गाची व्याख्याच अशी आहे की कर्करोगाची शक्यता 2 टक्क्यांहून अधिक आणि 95 टक्क्यांहून कमी. इतक्या रुंद पट्ट्यात उभ्या असलेल्या बाईला ‘स्कॅनमध्ये सगळे कळते’ असे सांगणे हे क्रौर्य आहे. रक्तातील पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीतून येणारे प्रथिन त्या ग्रंथीच्या साध्या वाढीतही चढते आणि दाहातही; अंडाशयाच्या कर्करोगासाठी मोजले जाणारे सीए 125 एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढण्याच्या विकारात) वाढू शकते.

शिवाय आता बायोप्सीचे काम ‘आहे की नाही’ एवढ्यावर थांबत नाही. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरोन या हार्मोनांच्या ग्राहकांची (ते ओळखणाऱ्या प्रथिनांची) आणि हर-2 या प्रथिनाची चाचणी त्याच नमुन्यावर होते आणि हार्मोनविरोधी गोळ्या द्यायच्या की हर-2 वर नेमके काम करणारे औषध, हे त्यावरून ठरते. फुप्फुसाच्या कर्करोगात जनुकातील बदल शोधतात. लिम्फोमाचे, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचे, अनेक प्रकार आहेत आणि त्यांची विभागणी करताना पेशींची रचना पाहावी लागते, म्हणून तिथे बारीक सुईने पेशी ओढून घेण्याच्या एफएनएसी या तपासणीपेक्षा संपूर्ण ग्रंथी काढून तपासणे पसंत केले जाते. रक्तातून गाठीचे जनुकीय अंश शोधणारी ‘द्रव बायोप्सी’ वापरात आली आहे आणि उपचारांवर लक्ष ठेवायला ती उपयोगी पडते; पहिल्या निदानासाठी ऊतींच्या नमुन्याची जागा तिने अद्याप घेतलेली नाही.

‘गेलेल्या माणसाचे शवविच्छेदन करून काय मिळणार’

हे विधान वरच्या विधानाचेच भावंड आहे, कारण दोन्हींच्या तळाशी एकच समजूत आहे: जिवंतपणीच्या तपासण्यांनी सगळे सांगितलेले असते. ही समजूत प्रत्यक्ष तपासून पाहिली गेली आहे. बोस्टनमधील एका रुग्णालयात 1960, 1970 आणि 1980 या तीन वर्षांतील प्रत्येकी 100 शवविच्छेदनांची जिवंतपणीच्या निदानांशी तुलना करून 1983 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या वीस वर्षांत सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आले होते. तरीही तिन्ही वर्षांत सुमारे 10 टक्के मृतांत असे मोठे निदान सुटलेले आढळले की जे वेळीच कळले असते तर उपचार बदलले असते आणि आयुष्य कदाचित लांबले असते. पुढे 2003 मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असे लक्षात आले की दशकांगणिक चुकांचे प्रमाण घटत गेले आहे, पण ते शून्याकडे गेलेले नाही. यातील प्रत्येक तफावत म्हणजे हलगर्जी असेही समजू नये. अतिदक्षता विभागात दोन दिवसांत दगावलेल्या रुग्णाच्या फुप्फुसातील गुठळी ओळखणे कुशल डॉक्टरलाही जमत नाही, अशी परिस्थिती असते.

मृतदेहाचे स्कॅन केले तर विच्छेदन टळेल का, याचाही शोध घेतला गेला. ब्रिटनमध्ये 182 मृतदेहांचे सीटी आणि एमआरआय करून नंतर त्यांचे शवविच्छेदन झाले आणि 2012 मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. मृत्यूच्या कारणाबाबत सीटी सुमारे 32 टक्के प्रकरणांत आणि एमआरआय सुमारे 43 टक्के प्रकरणांत शवविच्छेदनाशी गंभीरपणे विसंगत ठरले. सुटलेली कारणे दुर्मीळ नव्हती. हृदयाला अपुरा रक्तपुरवठा, फुप्फुसातील गुठळी आणि न्यूमोनिया हीच ती. हाडांच्या इजा, शरीरात अडकलेली गोळी किंवा नको तिथे साचलेली हवा शोधताना मात्र सीटी उत्तम काम करतो, आणि म्हणून आज अनेक ठिकाणी तो विच्छेदनापूर्वी केला जातो.

कोविडच्या साथीचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. साथीच्या सुरुवातीला संसर्गाच्या भीतीने शवविच्छेदने टाळावीत असा सूर होता. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात मात्र ती केली गेली, आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या 12 मृतांच्या तपासणीत 7 जणांच्या शिरांमध्ये गुठळ्या सापडल्या. मृत्यूपूर्वी त्यांचा संशयही आलेला नव्हता. 4 जणांचा मृत्यू फुप्फुसात गेलेल्या गुठळीने झाला होता. श्वसनाचा आजार म्हणून पाहिल्या जाणाऱ्या या रोगात रक्त गोठते, ही गोष्ट रुग्णशय्येपाशी काम करणाऱ्यांच्या लक्षात येऊ लागली होतीच. तिला ठोस पुरावा मिळाला तो शवागारातून.

जुनी उदाहरणे तर अनेक आहेत. इटलीतील पादुआच्या मोर्गान्यी या शरीररचनातज्ज्ञांनी 1761 मध्ये सुमारे 700 मृतांची लक्षणे आणि त्यांच्या अवयवांतील दोष शेजारीशेजारी मांडले, आणि रोग शरीरात कोणत्यातरी ठिकाणी असतो हा विचार तिथून रुजला. जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी 1906 मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ज्या आजाराचे वर्णन केले तो त्यांना एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूच्या कापांत दिसला. डोक्याला वारंवार मार बसलेल्या खेळाडूंमधील मेंदूविकार, ज्याला सीटीई म्हणतात, त्याचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होते. आणि बायोप्सीला तारतम्य शिकवले तेही शवविच्छेदनानेच. इतर कारणांनी दगावलेल्या वृद्ध पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाचे बारीक केंद्रबिंदू वारंवार सापडतात; फिनलंडमध्ये 1985 मध्ये तपासलेल्या 101 मृतांपैकी तिघांतल्या एकाहून अधिक जणांच्या थायरॉइडमध्ये सूक्ष्म कर्करोग होता, जो त्यांना आयुष्यभर कधी जाणवला नाही. गळ्यातील प्रत्येक बारीक गाठीला सुई लावू नये, काहींवर नुसती नजर ठेवावी, या आजच्या सल्ल्यामागे अशी शवविच्छेदने उभी आहेत.

शवविच्छेदनालाही सगळे सांगता येत नाही, हे नोंदवले पाहिजे. हृदयविकाराच्या झटक्याने तासाभरात मृत्यू आला तर स्नायूतील बदल सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत, कारण ते दिसण्याजोगे व्हायला काही तास जावे लागतात. तेव्हा धमनीतील गुठळीवरून अंदाज बांधावा लागतो. हृदयाच्या विद्युतलयीत बिघाड होऊन कोसळलेल्या तरुणाचे हृदय अगदी निरोगी दिसू शकते. अशा वेळी रक्ताचा नमुना राखून जनुकीय तपासणी केली जाते, आणि तिच्यात दोष सापडला तर भावंडांची तपासणी करून त्यांना वाचवता येते. ‘काय मिळणार’ या प्रश्नाचे याहून थेट उत्तर देता येईल असे वाटत नाही.

विटंबनेच्या आरोपाबाबत दोन गोष्टी सांगाव्या लागतील. छाती-पोटावरचा छेद शिवला जातो आणि कपड्यांखाली झाकला जातो. कवटी उघडायची असल्यास छेद केसांतून, एका कानामागून दुसऱ्या कानामागे जातो, त्यामुळे चेहरा अबाधित राहतो. दुसरे म्हणजे रोगाचा उलगडा करण्यासाठी होणारे वैद्यकीय शवविच्छेदन सामान्यतः कुटुंबाच्या संमतीने होते आणि ती संमती ‘फक्त छाती’ किंवा ‘फक्त मेंदू’ अशी मर्यादितही देता येते. संशयास्पद किंवा अपघाती मृत्यूतील न्यायवैद्यक शवविच्छेदन वेगळे. तिथे निर्णय कायद्याने नेमलेल्या यंत्रणेचा असतो. कुटुंबाचा दुखावा खरा असतो आणि तो ऐकून घेणे डॉक्टरांचे काम आहे. मात्र या दोन प्रकारांतला फरक न सांगता सगळ्यालाच विटंबना म्हणणे हे त्या दुखावलेल्या कुटुंबाला मदत करत नाही.

‘अहवालाला उशीर म्हणजे काहीतरी लपवले जाते’

शस्त्रक्रिया चालू असताना निर्णय हवा असेल तर नमुना गोठवून काप काढला जातो आणि साधारण 20 मिनिटांत तोंडी उत्तर मिळते. हे उत्तर कामचलाऊ असते, कारण गोठवताना पेशींचे रूप थोडे बिघडते. नेहमीच्या पद्धतीत ऊती फॉर्मेलिनमध्ये पुरेशी मुरावी लागते, तिच्यातले पाणी काढून मेण भरावे लागते, नंतर काप, रंग आणि वाचन. शंका राहिली तर विशेष रंग, प्रतिपिंडे (अँटिबॉडी) वापरून केलेल्या चाचण्या आणि दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घेतले जाते, आणि यातल्या प्रत्येक पायरीला दिवस लागतात. अस्थिमज्जेच्या नमुन्यातील हाडाचा चुना आधी विरघळवावा लागतो, नाहीतर पाते चालत नाही. शवविच्छेदनानंतर मेंदू तपासायचा असेल तर तो ताजा असताना इतका मऊ असतो की नीट काप पडत नाहीत, म्हणून सुमारे दोन आठवडे तो फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. विषारी द्रव्यांची तपासणी वेगळ्या प्रयोगशाळेत होते आणि तिचा निकाल आल्यावरच अंतिम अहवालावर सही होते.